येळवसचं गिऱ्हाईक

बीदरमधल्या मैलूरच्या त्या घराला पाच महिन्यांत सात गिऱ्हाइकं आली आणि सातही परत गेली. कारण प्रत्येक वेळी एकच होतं. घराच्या पूर्वेच्या भिंतीला लागून नागप्पाची पिठाची गिरणी होती. सकाळी सातला ती सुरू व्हायची. आधी ज्वारी, मग गहू आणि अकराच्या पुढे मिरची कांडप. मागच्या बाजूला, एक मोकळा प्लॉट सोडून, फंक्शन हॉल होता. लग्नाच्या दिवशी तिथला बँड दुपारी दोनपर्यंत थांबत नसे. पहिलं गिऱ्हाईक चहा पिताना शिंकायला लागलं ते गाडीत बसेपर्यंत शिंकत होतं. सातव्याने तर फाटकातूनच हात जोडले.

घर विजयश्री आणि शिवप्रसाद यांचं. विजयश्री रसायनशास्त्राची पदवीधर. कोळारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिने अकरा वर्षं गोळ्यांची तपासणी केली होती. मे महिन्यात कारखाना बंद झाला. शिवप्रसाद मोटर वायंडिंग करायचा. त्याला कुठेही काम मिळण्यासारखं होतं. विजयश्रीला मात्र प्रयोगशाळा लागायची, आणि तिच्या कामाच्या प्रयोगशाळा आता हैदराबादच्या आसपास होत्या.

सात महिन्यांत तिने तीन मुलाखती दिल्या. तिन्ही ठिकाणी शेवटचा प्रश्न तोच होता: कधी रुजू होऊ शकाल? तिन्ही ठिकाणी तिने सांगितलं, घराचं बघून कळवते. तिन्ही ठिकाणांहून पुढे फोन आला नाही.

घर विकल्याशिवाय हैदराबादेत बिऱ्हाड थाटता येणार नव्हतं. पण घर विकलं आणि नोकरी लागली नाही तर राजेश्वर गावी सासूकडे जाऊन राहावं लागणार होतं. तिथे शेत होतं, घर होतं, खायला कमी नव्हतं. फक्त विजयश्रीचं काम नव्हतं, आणि एकदा तिथे गेलं की ते परत मिळणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने अट घातली होती. नोकरीचं पत्र हातात आल्याशिवाय कुणाचा इसार घ्यायचा नाही.

"गिऱ्हाईक काय तुझ्या पत्राची वाट बघत बसणार हाय का?" शिवप्रसाद म्हणायचा.

"आधी गिऱ्हाईक तर येऊ द्या," ती म्हणायची. तिथे बोलणं थांबायचं.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी चौथ्या कंपनीचा मेल आला. शुक्रवारी साडेबारा वाजता व्हिडिओवर मुलाखत. शुक्रवारी येळवस होती, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी बीदर जिल्ह्यातली माणसं शेतात असतात. कडब्याच्या छोट्या खोपीत, म्हणजे कोपीत, पांडव पुजायचे, ताकातली आंबिल शिंपडायची, मिसळभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचे. शहरातली दुकानं, हॉटेलं, रिक्षा सगळं बंद. हैदराबादच्या कंपनीला हे माहीत असायचं कारण नव्हतं. विजयश्रीने लगेच 'हो' कळवलं.

त्याच संध्याकाळी दलाल चनमल्लप्पा आला. साठीचा माणूस, पांढरा लेंगा-शर्ट, कानात अत्तराचा फाया.

"वैनी, शुक्रवारी एक पार्टी हाय. अकरा वाजता."

"शुक्रवारी येळवस हाय, अण्णा."

"म्हनूनच की." चनमल्लप्पा खुर्चीत पुढे सरकला. "नागप्पाची गिरणी वर्षात कवा बंद असती? सांगा बरं."

"येळवसला."

"आन अमावस्येला लगीन असतंय का?"

शिवप्रसादला समजलं आणि तो हसायला लागला. चनमल्लप्पा हसला नाही.

"बाई गुलबर्ग्याची हाय. धनलक्ष्मी नाव. पन्नाशीच्या फुडची, एकटीच येयलीय. अशा बाईला काय पायजे असतंय? शांतता पायजे असतीय. मैलुरात येळवसला पानाचा आवाज ऐकू येतंय. तासभर बसवा, चहा पाजा, घर दाखवा. मी तर माझ्या शेतात असनार, माझ्या आईनं बोलीवलंय, न जाऊन भागत न्हाई."

"गिरणीचं इचारलं तर?" विजयश्री म्हणाली.

"लांब हाय म्हना."

"भिंतीला लागून हाय, अण्णा."

"वैनी, तुमी औषधाच्या कारखान्यात होताव. इथं घर इकायलाव. सात माणसं गेली. आठवी घालवायची का?"

 इसार घ्यायचाच नसेल तर गिऱ्हाईक टिकलं काय आणि गेलं काय, असा विचार करून विजयश्रीने होकारार्थी मान हलवली. नंतर तिच्या लक्षात आलं की तो विचार खरा नव्हता. ते गिऱ्हाईक टिकावं असं तिला फार वाटत होतं.

गुरुवारी संध्याकाळी तयारी झाली. शिवप्रसादने पूर्वेच्या भिंतीवरची मिरचीची लाल पूड पाइपने धुऊन काढली. प्रश्न होता गिरणीच्या पाटीचा. हिरव्या पत्र्यावर कन्नड आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेली, फाटकातून सरळ दिसणारी पाटी.

"झाकायची?" नागप्पा म्हणाला. "माझी गिरणी काय दारूचं दुकान हाय का?"

"एक दिवस, काका. रंग द्यायलाव म्हनून ताडपत्री टाकतो."

"आन माझ्या गिरणीचा आवाज सोसना म्हनून लोक घर घेयनात, हे मी सोसायचं व्हय?" नागप्पा चिडला खरा, पण त्याच्या मोटरीचं बेअरिंग शिवप्रसादच बदलणार होता, आणि गावी जायचं म्हणून गिरणी त्या संध्याकाळी लवकर बंद केली होती. शिवप्रसादने ते काम गुरुवारी रात्री आठपर्यंत उरकलं. नागप्पाने चावी त्याच्याकडेच ठेवली, ताडपत्रीकडे एकदा बघितलं आणि बायकोला घेऊन गावी निघून गेला.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला शिवप्रसाद आणि मुलगी स्नेहा राजेश्वरला निघाले. स्नेहा यंदा दहावीला होती. सासूबाईंचा, नागूबाईंचा, फोन सव्वासातला आला.

"येळवसला सून घरी बसती व्हय? पांडव काय म्हनतील?"

"आत्याबाई, मुलाखत हाय माझी."

"किती येळची?"

"अर्ध्या तासाची."

"अर्ध्या तासासाठी अख्खी येळवस," नागूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

साडेनऊपर्यंत गल्ली रिकामी झाली. समोरच्या घरातली माणसं टेम्पोतून गेली, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं शटर खाली आलं. कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपली. विजयश्रीने मागच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप ठेवला, मागे पांढरी चादर लावली, इस्त्रीची निळी साडी नेसली. मग पुढच्या खोलीत येऊन उश्यांचे अभ्रे सारखे केले. दोन खोल्यांत दोन वेगळी कामं मांडून ठेवलेली होती, आणि दोन्हींसाठी ती एकटी होती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पांढरी ओम्नी फाटकाशी थांबली. चालवणारी बाई स्वतः उतरली. ठेंगणी, भरदार, नऊवारी साडीवर पुरुषी स्वेटर, कपाळाला मोठं कुंकू. हातात मेणकापडाची जड पिशवी.

"मी धनलक्ष्मी. चनमल्लप्पानं पाठीवलंय." तिची मराठी गुलबर्गा जिल्ह्यातल्या आळंदकडची होती, कन्नडचा हेल असलेली. "आज येळवस, तुमी कामून न्हाई गेलाव शेतात?"

मुलाखतीचं सांगायचं नाही, असं चनमल्लप्पाने बजावलं होतं. गरजू दिसलं की भाव पडतो. "तुमी येणार होताव म्हनून थांबले," विजयश्री म्हणाली.

"माझ्या बायकाबी सगळ्या शेतात गेल्या. म्हनून तर मला सवड."

कुठल्या बायका, हे विजयश्रीने विचारलं नाही. नणंदा-जावा असतील असं तिला वाटलं.

धनलक्ष्मीने चहा नको म्हटलं आणि घर बघायला सुरुवात केली. तिची बघण्याची रीत विजयश्रीने आधीच्या सातांत पाहिली नव्हती. तिने कपाटं उघडली नाहीत, फरशी कुठली ते विचारलं नाही. पुढची खोली तिने पावलांनी मोजली, लांबी बारा, रुंदी नऊ. मग भिंतीला पाठ लावून खाली बसली, मांडी घातली, हात पुढे पसरले आणि उठली.

"इथं आठ जनी बसतील?"

"बसतील की."

"धूर कुणीकडं जातंय?"

"कसला धूर?"

"चुलीचा."

"गॅस हाय आमच्याकडं."

"त्ये दिसलं." धनलक्ष्मी मागच्या अंगणात गेली, बोट ओलं करून वारा बघितला. गच्चीवर जाऊन ऊन कुठपर्यंत येतं ते पाहिलं. तिथेच टाकीजवळचा बोअरचा नळ सोडला, ओंजळभर पाणी प्याली आणि तोंडात बराच वेळ घोळवलं. "किती फुटावर लागलं?"

"दोनशे चाळीस. उन्हाळ्यातबी आटत न्हाई." हे खरं होतं, आणि ते सांगताना विजयश्रीला बरं वाटलं.

"पसंत पडलं तर संक्रांतीला मला घर मोकळं पायजे. त्याच्या फुडं मी थांबत न्हाई."

"संक्रांतीला," विजयश्री म्हणाली. पावणेबारा वाजले होते.  हे आठवं गिऱ्हाईक टिकणार, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

जिना उतरताना धनलक्ष्मीने विचारलं, "गिरणी किती लांब हाय?"

तयार ठेवलेलं उत्तर आपोआप बाहेर आलं. "लांब हाय. दीड किलोमीटर असंल."

"दीड?"

"जास्तच असंल. आवाज अजिबात येत न्हाई."

"आन लग्नाचा हॉल?"

"तोबी लांबच."

धनलक्ष्मी पायरीवर थांबली. "आजूबाजूला काय गडबड, गर्दी?"

"काही न्हाई. रोज असंच असतंय." शेवटचं वाक्य चनमल्लप्पाने शिकवलेलं नव्हतं. ते विजयश्रीने स्वतःच जोडलं.

धनलक्ष्मीने अजून वीस मिनिटं घर पाहिलं, पण आता तिचं लक्ष नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने एकदा पाण्याच्या नळाकडे बघितलं, हळहळल्यासारखं. मग पिशवी उचलली.

"घर चांगलं हाय, अक्का. पानी तर लई चांगलं. पर माझ्या कामाचं न्हाई."

"का? काय कमी हाय?"

"कमी तुमच्याकडं न्हाई." ती फाटकाकडे चालायला लागली होती. "माझं गुलबर्ग्यात कडक भाकरीचं केंद्र हाय. चौदा बायका थापतात. आता बीदरला एक काढायचंय. रोज दोन पोती जोंधळा दळायचा म्हनल्यावर गिरणी हाकेवर पायजे. दीड किलोमीटर मी रोज पोती वाहू का? आन हॉल जवळ असला की लग्नाच्या ऑर्डरी आपोआप येतात. हितं तर तुमी म्हंताव तसं काहीच न्हाई."

"तुमी हे चनमल्लप्पा अण्णाला सांगितलं न्हाई?"

"केंद्र म्हनलं की दलाल भाव वाढवतंय, आन मालक म्हंतंय धूर नको. म्हनून मी घर पायजे एवढंच सांगते."

बारा वाजून सोळा मिनिटं झाली होती. धनलक्ष्मीने ओम्नीचं दार उघडलं.

"अक्का, थांबा," विजयश्री म्हणाली. "गिरणी हाय."

"कुठं?"

"ही." तिने ताडपत्रीकडे बोट दाखवलं. "भिंतीला लागून. आन हॉल मागं हाय, प्लॉटच्या पलीकडं. मी मघाशी खोटं बोलले."

धनलक्ष्मीने ताडपत्रीकडे पाहिलं, मग विजयश्रीकडे. "मघाशी खोटं, का आता खोटं? माझं काम कळल्यावर तुमची गिरणी दीड किलोमीटर चालत आली."

"आवाजानं सात गिऱ्हाइकं पळाली. म्हनून लपवली."

"बोलायला काय लागतंय."

विजयश्रीने पदर खोचला, गिरणीच्या ओट्यावर चढली आणि ताडपत्रीची दोरी ओढली. गाठ शिवप्रसादने मारली होती, ती सुटेना. तिने दातांनी धरली. ताडपत्री एका बाजूने सुटून तिच्या अंगावर आली आणि तिच्याबरोबर कोपऱ्यात साठलेली वर्षाची मिरची. निळ्या साडीवर लाल धूळ बसली. ती सलग पाच वेळा शिंकली.

धनलक्ष्मीने पाटी वाचली, कन्नडमधली आणि मराठीतली, दोन्ही. मग ओट्यावर चढून शटरवर हात फिरवला.

"पाटी हाय. मशीन चालती का बंद पडलीय, काय म्हाईत."

"काल रात्री बेअरिंग बदललंय माझ्या मालकांनी. चावी घरात हाय."

"मग लावा चालू. मी दळल्याशिवाय बघत न्हाई." धनलक्ष्मीने मेणकापडाची पिशवी उघडून दाखवली. आत दोन किलो जोंधळा होता. "कुठलंबी घर बघायला जाते तवा घेऊन जाते. त्याच गिरणीचं पीठ, त्याच घरचं पानी, आन भाकरी. जमली तर घर, न्हाई तर राम राम."

बारा चोवीस. विजयश्रीने घड्याळ पाहिलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "अक्का, साडेबाराला माझी मुलाखत हाय. हैदराबादच्या कंपनीची. ती लागली तर आमी तिकडं जायलाव, म्हनून घर इकायचंय. अर्धा तास गप्प राहायला पायजे."

"मला तीन वाजायच्या आत हुमनाबाद गाठायचंय. आळंदला आई वाट बघायलीय. अर्धा तास मी काय करू, भिंतीकडं बघू?"

गिरणी आता चालू केली तर मुलाखतीत आवाज. नाही केली तर ओम्नी जाणार. विजयश्री आत गेली, खुंटीवरची चावी काढली आणि बाहेर येऊन नागप्पाला फोन लावला. तिसऱ्या रिंगला त्याने उचलला. मागे शेतातला गलका होता.

"काका, गिरणी दोन किलोपुरती चालू करू का? घर घेणाऱ्या बाईला बघायचीय."

"बघायचीय? मला वाटलं झाकायचीय," नागप्पा म्हणाला. "करा. उजवीकडचा खटका आधी दाबा म्हनावं."

चावी धनलक्ष्मीच्या हातात देऊन, खटक्याचं सांगून ती मागच्या खोलीकडे पळाली. साडीवरची मिरची झटकली, पण ती आणखी पसरली. बारा एकोणतीसला तिने लिंक उघडली.

पडद्यावर दोघे होते. पांढऱ्या केसांचे एक तेलुगू गृहस्थ आणि चष्मा लावलेली तरुण बाई. पहिली बारा मिनिटं सगळं शांत होतं. कुठली यंत्रं हाताळली, रोज किती नमुने, नोंदी कशा ठेवायचात. विजयश्री नेमकं बोलत होती. गृहस्थांनी विचारलं, एखाद्या नमुन्याचा निकाल मर्यादेबाहेर गेला आणि माल त्याच संध्याकाळी रवाना व्हायचा असेल तर?

"निकाल आहे तसा लिहायचा. पुन्हा तपासून बरा आकडा शोधायचा नाही. आधी चूक कुठे झाली ते..."

इथे गिरणी सुरू झाली.

आधी पट्ट्याची शीळ, मग घरघर, मग सगळी भिंत. टेबलावरचं पेन सरकायला लागलं. तरुण बाईने कानातला इअरफोन काढून पाहिला, पुन्हा घातला.

"तिकडे काय चाललंय?"

विजयश्रीने क्षणभर विचार केला. बांधकाम, जनरेटर, काहीही सांगता आलं असतं. "शेजारी गिरणी आहे," ती जवळजवळ ओरडून म्हणाली. "आज बंद असते. घर विकायला काढलंय, घेणाऱ्या बाई गिरणी तपासतायत."

"आत्ता?"

"त्यांना तीनच्या आत हुमनाबादला पोचायचंय."

गृहस्थ हसले. मग खुर्चीत पुढे झुकले. "ऑफर मिळायच्या आधीच घर विकताय?"

"हो."

"कधी रुजू होऊ शकाल?"

भिंतीपलीकडे दाणे पडत होते आणि त्यांचं पीठ होत होतं. आवाज एकसारखा होता, मोटर अडखळत नव्हती. विजयश्रीने चौथ्या वेळी तो प्रश्न ऐकला आणि पहिल्यांदा तारीख सांगितली.

"सोळा जानेवारी."

तरुण बाईने ते लिहून घेतलं. आणखी तीन प्रश्न झाले. पैकी एक विजयश्रीला नीट ऐकू आला नाही आणि तिने तो पुन्हा विचारायला लावला. बारा अठ्ठावन्नला गृहस्थ म्हणाले, सोमवारपर्यंत कळवू. पडदा काळा झाला. त्याच सुमारास गिरणीही थांबली आणि मैलूर पुन्हा रिकामं झालं.

विजयश्री चादर काढून, टेबल आवरून स्वयंपाकघरात आली तेव्हा धनलक्ष्मी ओट्यासमोर उभी होती. परात तिने स्वतःच शोधली होती. पीठ मळून झालं होतं, दोन्ही हातांनी ती भाकरी थापत होती आणि कडेला चीर पडते का ते बघत होती. चीर पडली नाही. तवा तापला. भाकरी उलटली, पाणी फिरवलं, पुन्हा उलटली आणि ती मधोमध टम्म फुगली. धनलक्ष्मीने अजून एक केली, ती पातळ, आणि मंद आचेवर वाळवली. मग कानाजवळ धरून मोडली.

"ऐका," ती म्हणाली. कट् असा स्वच्छ आवाज आला. "पानी जड असलं की ही वातड होती. पीठ जाड असलं की भुगा होती."

"मग?"

"मग काय. आवडलं." तिने हात धुतले, पिशवीतून नारळ आणि एक पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. "भाव चनमल्लप्पानं सांगितलाय तोच. तुमी खोटं बोललाव, मीबी पुरतं खरं न्हाई सांगितलं. फिट्टंफाट. कागद मंगळवारी करू. इसार आज घ्या. न्हाई घेतलाव तर उद्या मी भालकीला एक घर बघायलेय, त्याच्या अंगणात चुली हायत."

विजयश्रीने शिवप्रसादला फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला तेव्हा मागे आंबिल शिंपडतानाच्या आरोळ्या चालू होत्या, मधूनच नागूबाईंचा आवाज.

"नोकरीचं काय म्हनले?" त्याने विचारलं.

"सोमवारपर्यंत सांगतो म्हनले."

"म्हंजे नक्की न्हाई."

"न्हाई. आन बाई इसार द्यायलीय. आत्ता."

 मग आरोळ्यांपासून दूर चालत गेल्यासारखा आवाज आला. "इसार घेऊ नको म्हनून अट तूच घातलीस. आता मी घे म्हनलं तर उद्या म्हंशील तुमी घ्यायला लावलाव. मी वायंडिंग कुठंबी करतो. तुझं तू सांग."

"तुमी तर म्हनत होताव गिऱ्हाईक थांबत न्हाई."

"तवा गिऱ्हाईक नव्हतं," शिवप्रसाद म्हणाला. "बोलायला सोपं होतं."

विजयश्रीने फोन न ठेवता ओट्यावरच्या नारळाकडे पाहिलं. घराचं बघून कळवते, हे वाक्य तिने तीन माणसांना सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा आपण समजूतदार बोललो असं तिला वाटलं होतं. आज तिने तारीख सांगितली, आणि ती लिहून घेतली गेली. ती तारीख खरी करायची असेल तर ती आताच खरी होणार होती, सोमवारी नाही. सोमवारी नकार आला तर ती पुन्हा त्याच वाक्यापाशी येऊन बसणार होती, गिरणीच्या शेजारी, नवव्या गिऱ्हाइकाची वाट बघत.

"घेते," ती म्हणाली.

"घे," शिवप्रसाद म्हणाला. "आन लवकर ये. आई तिसऱ्यांदा इचारायलीय."

तिने धनलक्ष्मीला कुंकू लावलं, ओंजळीत नारळ घेतला, पाकीट न उघडता देवापुढे ठेवलं. 

दीड वाजता चनमल्लप्पाचा फोन आला. "वैनी, गिरणीचं इचारलं का?"

"इचारलं."

"लांब हाय म्हनलाव ना?"

"म्हनलं. म्हनून बाई गाडीत बसून परत निघाल्त्या."

 "आन मग?"

"मग गिरणी चालू केली. इसार घेतला."

"मला काईच कळंना," चनमल्लप्पा म्हणाला. "पर दलाली लागू हाय ना?"

बस बंद होत्या. धनलक्ष्मी हुमनाबादपर्यंत सोडते म्हणाली, आणि हुमनाबाद आल्यावर म्हणाली की येळवसच्या दिवशी कुणाच्या शेताजवळून उपाशी गेलं तर बरं नाही. आईला फोन करते, थोडा उशीर झाला तर झाला. ओम्नी राजेश्वरच्या रस्त्याला लागली. दोन वाजून चाळीस मिनिटांनी विजयश्रीचा फोन वाजला. मेल होता. तिने तो एकदा मनात वाचला, मग मोठ्याने. सोमवारी सकाळी दहाला मूळ प्रमाणपत्रं घेऊन प्रत्यक्ष यावं. चार उमेदवार बोलावले आहेत. जागा एक.

"चौघांत एक," धनलक्ष्मी गिअर बदलत म्हणाली. "माझ्या केंद्रात चौदा बायका हायत, त्यातल्या दोघींनाच पातळ भाकरी जमती. चौघी म्हंजे काय लई न्हाईत."

शेतात पोचेपर्यंत तीन वाजले. हरभऱ्याच्या बांधाला कोपीत पांडवांचे पाच दगड चुन्याने रंगवलेले होते. नागूबाईंनी दोघींना बसवलं, आधी पाहुणीला वाढलं. भज्जी, उंडे, तिळाची पोळी, गाडग्यातली आंबिल. मग सुनेसमोर येऊन उभ्या राहिल्या. साडीवरचे लाल डाग त्यांनी आधी बघितले.

"घर देलीस?"

"दिलं."

"आन नोकरी?"

"सोमवारी बोलावलंय. चौघं हायत, जागा एक हाय."

"म्हंजे न्हाई."

"अजून न्हाई."

नागूबाई खाली बसल्या. त्यांच्या आवाजात आता टोमणा नव्हता. "मग संक्रांतीला सामान घेऊन इकडंच या. पलीकडची खोली झाडून घेते. स्नेहाची परीक्षा होईस्तवर तरी ऱ्हावा."

"सामान आणते, आत्याबाई. स्नेहाबी परीक्षेपर्यंत तुमच्याकडं ऱ्हाईल, आजच इचारनार होते. मी ऱ्हात न्हाई. सोळा तारखेला मी हैदराबादला असणार."

"कंपनी न्हाई म्हनली तर?"

"तरीबी. बीदरात बसून तीन ठिकाणी सांगितलं, बघून कळवते. आता तिथं बसून सांगते, उद्या येते."

स्नेहा उंडा तोंडात तसाच धरून आईकडे बघत राहिली. नागूबाईंनी मुलाकडे पाहिलं. "तू काय म्हंतोस?"

 शिवप्रसाद फोन कानाला लावून बांधावर उभा होता. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला त्याचा जुना सोबती काशाप्पा मोटरी दुरुस्त करायचा.

"एक खोली बघ," तो सांगत होता. "दोघांना पुरंल एवढी. न्हाई, न्हाई, फुडच्या महिन्यात न्हाई, सोळाच्या आधी. आन तुझ्या दुकानात एक माणूस लागतंय म्हनत होतास, त्ये अजून लागतंय का?" मग त्याने फोनवर हात ठेवला आणि विजयश्रीकडे वळला. "काशाप्पा इचारायलाय, कुठल्या कंपनीजवळ बघू?"

"बस स्टँडजवळ बघा म्हनावं," विजयश्री म्हणाली. "तिथून सगळ्या कंपन्यांना गाड्या जातात."